पिंजऱ्याशेजारची खाट

पिंपरी पेंढार
९ मार्च २००८

नवनाथ,

पत्रास कारण की, असं लिहायचं असतं. कारण तू.

पोस्टमननं तुझं पाकीट दिलं तेव्हा मी गहू कापत होते. विळा तिथंच टाकला आणि बांधावर बसून फोडलं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी लिहितोय, अक्का कशी आहे विचारलं असेल, कल्याणीच्या लग्नाला मामा म्हणून उभा राहिलो नाही त्याचं काही असेल. तर चारातली तीन पानं अमेरिकेची!

वाचली मी. सगळी वाचली. तिकडं पोलंडात तुझ्या सासऱ्याच्या गावाबाहेर जुना विमानतळ आहे, तिथं अमेरिकेला तिची रॉकेटं ठेवायचीत. कुणी लांबून रॉकेट सोडलं तर ही वर जाऊन त्याला हवेतच पाडणार. अमेरिका म्हणजे पोलंडची दोस्त, नाही म्हणवत नाही. पण सासरा म्हणतो, ढाल आमच्या दारात टेकवली तर पहिला दगड आमच्याच दारात पडणार. आणि तू मला विचारतोस, "अक्का, यात काय करावं?" तुझी काशी आणि तू त्या गावात घर बांधताय म्हणून. (तिचं नाव काशा का काय आहे ते मला लिहिताना अडतं. मी काशीच म्हणणार.)

तुला वाटलं असेल चौथी शिकलेली अक्का रॉकेटाला घाबरेल. अरे, माझ्या दारात तेच चाललंय.

कल्याणी दिली ती बांधापलीकडच्या हौशीराम पावण्यांच्या आदेशला. इथून तिची वाळत घातलेली लुगडी दिसतात. पण लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे आपल्या आईनं पाळलं, मीही पाळते. लांबून लुगडी मोजते. आता तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणी विचारायचंही नसतं. पण आमच्या उसात वाघ आलाय. वनखात्याचा सावळेराम बिबट्या म्हणतो. काय म्हणायचं ते म्हण, ठसे माझ्या पंजाएवढे आहेत.

वनखातं पिंजरा द्यायला तयार आहे. आत शेळी बांधायची, वाघ शिरला की दार पडतं. हौशीराम पावणं म्हणतात, पिंजरा तुमच्या रानात लावा. म्हणजे शेळी ओरडणार माझ्या दारात आणि वाघ वासावर येणार तोही माझ्या दारात. वस्ती सगळ्यांची सुखी! आता सांग, मी तुझ्या सासऱ्यापेक्षा कमी शिकलेय का?

तुझे दाजी म्हणतात, पोरीचं सासर आहे, हो म्हणून टाक. ते कुणालाही हो म्हणतात.

तुमच्याकडचे लोक काय उत्तर देतात ते नीट कळव. आणि तू जेवतोस काय तेही लिही, हॉटेलात स्वयंपाक करणारे लोक उपाशी असतात.

आबांना तुझ्या पत्राचं सांगितलेलं नाही. तू काशीशी लग्न केलंस तेव्हापासून ते आपल्या पोराचं नावही काढत नाहीत. ते निरगुडसरला, मी इथं, गरज काय. फोन करू नको. इथं रेंज नाही.

तुझी,
लंका

२७ एप्रिल २००८

नवनाथ,

पत्र पोचलं. फोटोपण. काशी हसते छान, पण थंडीत टोपी घालत नाही का?

परवा हौशीराम पावणं बोलणी करायला आले. सोबत दोन माणसं आणि एक पांढरी शेळी. शेळी मुद्दाम आणली होती, म्हणजे मला वाटावं की ठरलंच आहे. मी चहा टाकला. तुझ्या दाजींनी पानाचं तबक पुढं केलं.

पावणं म्हणाले, "विहीणबाई, पिंजरा काय माझ्या एकट्यासाठी हाय का? समद्या वस्तीसाठी हाय. तुमचा ऊस म्हंजे वाघाचा बंगला झालाय."

मी म्हटलं, "बंगला आमचा, पर जेवाया तुमच्याकडंच येतंय ना त्ये? तुमच्या वासरांच्या वासावर येतंय. मंग खानावळीतच लावा की पिंजरा."

दोन माणसांतला एक हसला. पावण्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तोंडात सुपारी भरली.

"आमच्या घराला कंपाउंड हाय, ट्यूबलाइट हाय. तिथं शेळी जनावराला दिसायची कशी?"

"दिसंल. कंपाउंड पाडा."

तुझे दाजी खोकले. "तसं काय न्हाई पावणं, तिचं बोलनंच तसं हाय, तसं काय न्हाई." मी वळून बघितलं तेव्हा ते सुपारी कातरायला लागले. एवढी कातरली की लग्नाला पुरली असती.

मग पावण्यांनी खरा पत्ता टाकला. चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "ऐका. वाघ मोकळा हाय तवर सुनंला मी हितं धाडनार न्हाई. उसाच्या कडंला तुमचं उघडं घर. माझा नातू हाय तो. बाळातपन आमच्याकडंच हुईल."

नवनाथ, बघ आता. पिंजरा लावला तर वाघ दारात, नाही लावला तर पोर दारात नाही. घरात तिच्यासाठी खारीक खोबरं आणून ठेवलंय. जुनी धोतरं धुऊन दुपटी शिवायला घेतलीत. मी एवढंच म्हटलं, "शेळी घेऊन जा. ठरलं की सांगते." शेळी जायला तयार नव्हती, आमचा लसूणघास खात बसली होती. ओढत नेली.

आता तुझ्या पत्रातलं बोलू. तू लिहितोस, पोलंडचे लोक पण नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. अमेरिकेला म्हणतात, ठेवा तुमची रॉकेटं, पण आमच्या स्वतःच्या राखणीची तोफ पण द्या, आणि त्या तोफेपाशी तुमचेच शिपाई आणून बसवा. म्हणजे आमच्या डोक्यात दगड पडला तर तुमच्याही पडंल, आणि तुम्हाला धावत यावंच लागंल.

ही ओळ मी परत परत वाचली. ज्यानं कुणी हे काढलं त्याची आई शेतकरीण असणार.

थांब. मला सुचतंय काहीतरी.

लंका

२९ जून २००८

नवनाथ,

जमलं! कल्याणी घरात आहे. आत्ता ती दारात पाय पसरून बसलीय, चिंच खातेय आणि विचारतेय, "मामाला काय लिवतेस एवढं?" मी सांगितलं, तुझ्या मामानं तुला आणलं म्हणून. तिला भाऊ नाही, तेव्हा जे काय आहेस ते तूच आहेस. हे जाऊ दे.

झालं असं. मी पावण्यांना निरोप धाडला, पिंजरा लावा. ते एवढे खूश झाले की शेळी घेऊन स्वतः आले, सावळेरामलाही आणलं. मी म्हटलं, आधी अटी. पावणं म्हणाले, सांगा. शेळी कुणाची? त्यांची. चारा कुणाचा? त्यांचा. मग ते म्हणाले, माझीपण एक हाय. "दार पडलं की पिंजऱ्याला कुनी हात लावायचा न्हाई. पयली खबर मला. मी आल्याबिगर दार उघडायचं न्हाई." म्हणजे वाघासंगं फोटो त्यांचाच निघाला पाहिजे. मी म्हटलं, कबूल.

मग मी माझी शेवटची सांगितली. "एकाच्या रानात पिंजरा, तर दुसऱ्याची खाट. पिंजरा आमच्या रानात हाय तवर पोर हितं राहनार, अन् रोज सांजंला तुमच्या घरचं माणूस आमच्या पडवीत झोपाया येनार."

"गडी धाडतो."

"गडी नको. गडी नेला वाघानं तर तुमी दुसरा ठेवाल."

"मंग आदेश यील."

"नव्या जावयाला रोज वाढू का पोरीला सांभाळू? तुमी या."

"म्या?" पावण्यांचा आवाज असा चढला की शेळी दचकली. "पोराच्या बापानं पोरीच्या घरी राखनीला बसायचं? लोक तोंडात शेण घालतील, विहीणबाई!"

"राखणीला कोण बसा म्हनतंय? पावणं म्हणून या. पावण्याला लोक काय म्हनतील? अन् तुमचाच नातू हाय ना? मंग आजा कुठं पायजे?"

सावळेराम टोपी तोंडापुढं धरून हसत होता. पावण्यांनी शेळीची दोरी खाली टाकली. मग तुझ्या दाजींना म्हणाले, "कुंडलिक पावणं, तुमी ह्या बाईसंगं कसं दिस काढले?" दाजी म्हणाले, "तसं काय न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा ते बरोबर बोलले.

दुसऱ्या दिवशी सांजेला पावणं आले. मागं गडी, गड्याच्या डोक्यावर खाट. खाटेमागं त्यांचा कुत्रा. कुत्र्यामागं कल्याणी.

आबांना अखेर सांगितलं की तुझी पत्रं येतात. म्हणाले, "कोन नवनाथ?" मग भाकरी खाऊन, हात धुऊन, बाहेर जाता जाता म्हणाले, "त्या रॉकेटाचं काय झालं?"

लंका

२७ जुलै २००८

नवनाथ,

माझीच अट माझ्या गळ्यात आलीय. ऐक आणि हसू नको.

मी पावण्यांना पावणं म्हणून या म्हटलं. आता व्याही पावणा म्हणून आला तर त्याला कोरडी भाकरी आणि कोरड्यास वाढता येतं का? पहिल्या दिवशी शिरा केला. दुसऱ्या दिवशी पुरणाचे मांडे. मग भजी. मग कल्याणी म्हणाली, "आई, तू मला आणलंस का मामंजींना?" पाय धुवायला पाणी, बसायला घोंगडी, जेवण झालं की पान. रोज! लग्नातला मानपान एक दिवसाचा असतो, माझा पावसाळाभर चाललाय. पावणं सांजेला बांधावरून येताना दिसले की तुझे दाजी चुलीपाशी येऊन विचारतात, "आज काय?" त्यांचंही चांगलं चाललंय.

आणि घोरतात कसे! सावळेरामनं विचारलं, वाघ ओरडतो का हो रात्रीचा? मी म्हटलं, एक ओरडतोय, पण तो पिंजऱ्याबाहेर आहे.

वाघ काही येत नाही. येईल कसा? दोन कंदील, एक बॅटरी, एक कुत्रा, एक घोरणारा आणि ती शेळी. शेळीला पावणं स्वतःच्या हातानं मका घालतात. वाघासाठी आणलेली शेळी, आता तिच्या पोटावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "हिला सर्दी झालीया वाटतं." तिच्या डोक्यावर पाऊस पडू नये म्हणून पिंजऱ्यावर कागद टाकलाय.

एक मात्र आहे. मला वाटलं होतं माणूस मोठा ताठ आहे. आहेच. पण जेवण झालं की कल्याणीला विचारतात, "पोरी, पाय दुखत्यात का?" हे असं विचारणं त्यांना त्यांच्या घरात जमत नसेल, तिथं चार माणसं बघतात. इथं पडवीत अंधार असतो.

कालच मला म्हणाले, "बारा दिस झाले की पोर अन् बाळ आमच्याकडं न्यायची. वाघ गावला न्हाई तर न्यायचीच." मी म्हटलं, सव्वा महिना. ते म्हणाले, बारा दिस. मी म्हटलं, जेवा आता. भजी नाही वाढली काल. म्हणजे कमी वाढली.

तुमच्याकडचं ऐकलं. तुमच्या सरकारनं अमेरिकेला सांगितलं, एवढ्यानं भागत नाही. बरं केलं. सासऱ्याला सांग, ताणून धर, पण पाहुण्याला जेवण कबूल करू नको म्हणावं.

कल्याणीचे दिवस भरत आलेत. मला भीती वाटते असं नाही. कांदा चाळीतला निवडून झाला, भांडी घासून झाली, तीच परत घासली.

लंका

२८ ऑगस्ट २००८

नवनाथ,

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आता कसं झालं ते लिहिते, बसून वाच.

दिवस मावळायच्या आधीची वेळ. भुरभुर पाऊस. मी चुलीवर तवा ठेवला होता. पावणं आले (दिवस भरले म्हणून हल्ली जीप घेऊनच येत), बूट काढले, आणि त्यांना दिसलं की शेळीवरचा कागद वाऱ्यानं उडालाय. पिंजऱ्याला दोन कप्पे. मागचा शेळीचा, पुढचा वाघाचा, मधे जाळी. मागचं दार चिखलात रुतलेलं, पाऊस पुढून तिरपा आत येत होता. मग हे गोणपाट घेऊन पुढच्या दारानं आत शिरले, मधल्या जाळीला आडवं बांधायला. वाघानं पाय द्यायचा ती फळी यांनी दिली दाबून.

धाडकन दार पडलं.

मी लाटणं हातात घेऊन पळाले, मला वाटलं वाघच गावला. बघते तर आत व्याही! डोक्यावर गोणपाट. पलीकडून शेळी त्यांचं धोतर चघळतेय.

मी म्हटलं, "पावणं, दार पडलं. पयली खबर तुमाला."

"विहीणबाई, दार उघडा."

तेवढ्यात तुझे दाजी आले. सगळं बघितलं आणि लई गंभीर तोंड करून म्हणाले, "हात कसा लावायचा? तुमीच म्हनला व्हता, तुमी आल्याबिगर उघडायचं न्हाई."

"म्या आलोय की! आतच हाय!"

"आत हाय, आला कुठं?"

नवनाथा, एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस एकदा विनोद करतो आणि तोही अशा वेळी! मी हसून खालीच बसले. आणि हसता हसता मला दिसलं की आता काहीही मागितलं तर मिळंल. सव्वा महिना म्हण, दोन महिने म्हण. अमेरिका पिंजऱ्यात आणि मी बाहेर. अशी बोलणी कुणाच्या नशिबात असतात? मी तोंड उघडलं, "पावणं, त्ये बारा दिसांचं…"

आणि पडवीतून कल्याणी ओरडली. "आई गं!"

पावण्यांचा चेहरा असा झाला! जाळीतून हात बाहेर काढला, हातात जीपची किल्ली. "मला ऱ्हाऊ द्या आत! पोरीला न्या! कुंडलिक पावणं, गाडी येती ना?" दाजींना बैलगाडी येते. मी पहार आणली, दाजी आणि मी मिळून दार उचललं, पावणं गुडघ्यावर रांगत बाहेर आले आणि तसेच चिखलाचे जीपमधे चढले. तव्यावरची भाकरी जळून कोळसा. मी मागितलं काहीच नाही. वेळच नव्हता.

नारायणगावच्या दवाखान्यापर्यंत पावणं सगळ्या वाटेनं हॉर्न वाजवत होते, पुढं कुणी नसतानाही. दवाखान्यात नर्सबाई म्हणाली, पेशंट कोण? चिखलाला बघून तिला वाटलं हेच.

पहाटेच्या आत पोरगी झाली. नर्सनं आणून दाखवली. पावण्यांनी नातू नातू म्हणून धरलं होतं ना, मी त्यांच्याकडं बघत होते, आता तोंड कसं होतंय. त्यांनी टोपी काढली, पोरीच्या मुठीत बोट दिलं. तिनं धरलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सव्वा महिना म्हंजे किती तारखंला हुतोय?"

तू लिहिलंस की तुमच्याकडंही त्याच आठवड्यात सह्या झाल्या. तोफ मिळाली, शिपाई मिळाले. चांगलं झालं. पण आमच्यासारखं कुणी चिखलात बसून सही केली नसंल.

आबांना कळवलं. ते म्हणाले, "कल्याणीच्या मामाला कळवलं का?" मामाला म्हणाले हां. कोण नवनाथ, असं नाही म्हणाले.

लंका

१६ नोव्हेंबर २००८

नवनाथ,

उत्तराला उशीर झाला, मी घरी नसते. सांगते.

सव्वा महिना झाला, कल्याणीची खणानारळानं ओटी भरून पाठवणी केली. पोरीचं नाव समृद्धी ठेवलंय. घर रिकामं झालं तर झालं, मला कामं पुष्कळ आहेत. पावणंही खाट इथंच ठेवून गेले, म्हणाले, नेतो सवडीनं.

तर चार दिवसांनी भर संध्याकाळी धारेच्या वेळेला बांधापलीकडून परात बडवल्याचा आवाज. वाघ! आमच्या रानात माणसं, कंदील, कुत्रा, घोरणं. तो शहाणा, त्या सगळ्या पावसाळ्यात तिकडं राखणीला कुणी नाही हे त्यानं बघून ठेवलं होतं. पावण्यांच्या कंपाउंडाच्या भिंतीवर मांजरासारखा बसलेला. घरात आमच्या विहीणबाई, ठकूबाई, आणि आत पोर घेऊन कल्याणी. ठकूबाईंनी परात आणि मुसळ घेतलं आणि असं बडवलं की वाघ उडी मारून गेला, वासरांनी दावी तोडली, आणि परातीला मधोमध खोक पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाई स्वतः आमच्याकडं आल्या. लग्नानंतर पहिल्यांदा. ती परात काखेत. बसल्या नाहीत.

"विहीणबाई, पिंजरा आता आमच्या दारात पायजे."

मी म्हटलं, "न्या की. आमची कुठं अडकाठी?"

"अन् तुमीबी चला."

"म्या?"

"तुमचीच अट हाय. एकाच्या रानात पिंजरा, तर दुसऱ्याची खाट. माझा दाल्ला पावसाळाभर तुमच्यात झोपला, घरी आला तर म्हनतोय, भजी अशी न्हाई, तशी करत्यात. आता तुमी या अन् तुमीच करा."

सापडले ना मी. अट माझीच. दाजी पलीकडून म्हणाले, "तसं काय न्हाई, पर बरुबर हाय."

तेव्हा काय करणार. रोज सांजेला जाते. पावण्यांची खाट गड्याच्या डोक्यावरून परत गेली, आता तिच्यावर मी. आता लेकीला मूल झालंय, तेव्हा तिच्या घरचं पाणी प्यायला हरकत नाही. पाणी पिते, जेवतेही. ठकूबाईंचं कालवण तिखट असतं, मी ते तोंडावर सांगते, त्या मला वाढतात आणखी. समृद्धी माझ्या शेजारी निजते. मला काही हौस नाही तिथं जायची. आमच्या घरी माझी कामं पडलीत. पण शब्द तो शब्द.

वाघ येवो न येवो, पिंजरा नीट लावायला सांगितलाय. घाई करू नका म्हटलं.

लंका

२१ सप्टेंबर २००९

नवनाथ,

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं. आबांनी निरगुडसरहून माणूस धाडला. टीव्हीवर सांगितलं, अमेरिकेनं पोलंडातली ती रॉकेटं रद्द केली. आबा टीव्हीवर पोलंड आलं की सगळ्यांना गप्प करतात.

तुझ्या सासऱ्याचं तू फोटोमागं लिहिलं होतंस ते आठवलं. आधी नको नको म्हणत होता, मग सह्या झाल्यावर त्या विमानतळाकडं बघून छाती काढायला लागला. आता दोस्तानं न विचारता रद्द केलं म्हणून तोंड फुगवून बटाटे काढत असंल. त्याला सांग, मला कळतं. वनखात्यानं गेल्या महिन्यात आमचा पिंजरा नेला. दुसऱ्या गावाला पाहिजे म्हणे. वाघ काही गावला नाही, सावळेराम सांगतो ठसे आता येडगावकडं गेलेत. ट्रॅक्टरात पिंजरा चढवताना मी बघत उभी राहिले. एवढा लोखंडाचा डबा, पावसात गंजलेला, जिच्यासाठी एवढी भांडले ती वस्तू. मला एकदम वाटलं, आता मी लेकीच्या घरी कशाच्या नावानं जायचं?

त्या दिवशी सांजेला मी आमच्याच पडवीत बसून राहिले. तर बांधावरून हौशीराम पावणं येताना दिसले, अंगावर नात. आले ते सरळ चुलीपाशी. "विहीणबाई, निघाला न्हाईत अजून? ठकूबाई खोळंबलीया."

"पिंजरा गेला की पावणं."

"पिंजरा गेला. खाट कुठं गेलीया?"

तेव्हा जाते अजून. आणि पावणं येतात इकडं, शेळीला बघायला. शेळी आमच्याकडंच राहिली, तिला दोन करडं झालीत. शेळी बघून झाली की चुलीकडं बघतात.

आता तुझं. मागच्या पत्रात तू विचारलंस, आलो तर नारायणगावला लॉजवर उतरू का, घरात काशीचं काय म्हणतील. लॉजवर? मी व्याह्याला पावसाळाभर जेवू घातलं, माझ्या भावजयीला लॉजवर धाडू का? तिला चुलीपाशी बसता येत नसंल तर खुर्ची आहे. भाकरी येत नसंल तर मला तिच्या बटाट्याचं काय करतात ते तिनं दाखवावं.

आणि आबांचं. आबा परवा आले होते. समृद्धीचं जावळ काढायचं राहिलंय. वर्ष झालं, आता किती थांबायचं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. तिला सख्खा मामा नाही, आईचा मामा आहे, तो पोलंडात रॉकेटं बघत बसलाय. ठकूबाई म्हणाल्या, आदेशच्या मित्राला बसवू मामा म्हणून. आबांनी काठी आपटली. म्हणाले, "माझं पोरगं मेलंय का?"

मी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. तू काही बोलू नको. ये फक्त.

इथं आता कसली बोलणी उरलेली नाहीत. तुमच्याकडची रॉकेटं गेली, आमचा पिंजरा गेला, आता कुणी कुणाला अटी घालायच्या? माझी एकच आहे. पोरीचे केस डोळ्यांत येतात, ती हातानं मागं सारते आणि रडते. तेवढं बघ. पुढच्या महिन्यात दिवाळी आहे, हे मी उगीच लिहिलं.

दुसरी खाट विणायला टाकलीय. रुंद.

तिकीट काढलं की फोन कर. रेंज आहे.

तुझी अक्का
लंका